विहिरीच्या पाण्यात जेलचे खडे का फुगत नाहीत?

काळीकसदार (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. दोन एकरांतली जुनी बाग यंदा काढली, फेब्रुवारीत तिथं डॉगरिज जातीचे खुंट (ज्यावर पुढे द्राक्षाचं कलम करतात ती रोपं) लावायचेत. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते आणि शेततळ्यावर दिवस काढावे लागतात. म्हणून दुकानदारानं पाणी धरून ठेवणारं जेल गळ्यात मारलं. जाड्या साखरेसारखे पांढरे खडे. "चारशे पट पाणी पितं, मुळी कोरडी पडतच नाही," म्हणाला. एक किलो आणलं.

मोजल्याशिवाय मातीत काही टाकायचं नाही, ही वडिलांची शिस्त. स्वयंपाकघरातला काटा घेतला आणि दोन-दोन ग्रॅम खडे दोन पातेल्यांत टाकले. एकात आरओचं एक लिटर पाणी, दुसऱ्यात विहिरीचं एक लिटर. रात्रभर ठेवलं, सकाळी पातळ फडक्यात ओतून निथळू दिलं.

आरओ: ५२० ग्रॅम, म्हणजे २६० पट.
विहीर: १७० ग्रॅम, म्हणजे ८५ पट.

पाकीट तेच, काटा तोच, रात्र तीच. आरओतले खडे काचेसारखे आरपार आणि इतके मऊ की चिमटीत धरले की फुटतात. विहिरीतले लहान, आणि दाबले तर उसळून परत जागेवर येतात. मीटरवर विहिरीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९०० च्या आसपास, आरओचा ४०.

प्रश्न दोन. पाणी ते पाणीच, मग खडा ओळखतो कसा? आणि एवढं पाणी प्यायचंच आहे तर खडा सरळ विरघळून का जात नाही? मध्येच का थांबतो?

उगाच (रविवार, रात्री ९:३२)

चारशे पट धरून ठेवणारी एकच वस्तू मी पाहिलीय, सरकारी कचेरीतला टेबलाचा खण. चालू द्या.

केमिकल लोच्या (रविवार, रात्री १०:१५)

दुसऱ्या प्रश्नापासून धरतो, पहिला त्याच्याच पोटात आहे.

तुमचे खडे बहुधा पॉलिअ‍ॅक्रिलेटचे असणार, शेतीसाठी विकतात ते बऱ्याचदा पोटॅशियमचे, बाळांच्या डायपरमधले सोडियमचे. रचना एकच. लांबलचक साखळ्या, आणि साखळीवर थोड्या थोड्या अंतरानं ऋण भाराचे गट चिकटलेले. त्या भाराला जोडीदार म्हणून पोटॅशियमचे धन आयन, म्हणजे धन भार असलेले अणू. खडा कोरडा असतो तेव्हा सगळे गप्प बसलेले. पाणी लागलं की हे आयन सुटे होतात, पण खड्याबाहेर पडू शकत नाहीत, कारण साखळीवरचा ऋण भार त्यांना लांब जाऊ देत नाही. आत आयनांची दाटी, बाहेर जवळजवळ स्वच्छ पाणी. मग बाहेरचं पाणी आत घुसतं, दाटी विरळ करायला. शाळेत बेदाणा पाण्यात टाकून ऑस्मॉसिस शिकवतात तेच, फक्त इथे पडदा नाही, जाळंच पडद्याचं काम करतं.

आता, मध्येच का थांबतं? साखळ्या सुट्या असत्या तर पांगत पांगत विरघळून गेल्या असत्या, तुम्हाला पातेल्यात नुसता चिकट रस मिळाला असता. पण कारखान्यात या साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडलेल्या असतात. त्यालाच क्रॉसलिंक म्हणतात. त्यामुळे एक अख्खा खडा म्हणजे खरं तर एकच प्रचंड रेणू आहे. पाणी शिरतं तशा दोन गाठींमधल्या साखळ्या ताणल्या जातात आणि आत खेचू लागतात. पाण्याचा आत येण्याचा जोर आणि साखळ्यांची मागे ओढ, हे दोन्ही बरोबरीत आले की फुगणं बंद. रबर आणि साध्या द्रावकांसाठी हा हिशेब १९४३ साली पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी मांडला. फ्लोरींना पुढे १९७४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. भारित जेलसाठी त्या समीकरणात आयनांचं एक पद वाढवायचं, बस.

२६० पट ऐकायला अचाट वाटतं, पण ते तिन्ही दिशांना वाटलं जातं. २६० चं घनमूळ ६.४. म्हणजे २ मिलिमीटरचा खडा १३ मिलिमीटरच्या घरात जाईल. फूटपट्टी लावून बघा.

आणि पहिला प्रश्न: विहिरीच्या पाण्यात आधीच क्षार विरघळलेले आहेत, म्हणजे बाहेरही आयन आहेत. आत-बाहेरचा फरक घटला, पाण्याचा जोर घटला. डायपरमधलं जेल शुद्ध पाणी काहीशे पट पितं, पण ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ३० ते ५० पटींवर येतं. दुकानदाराचे चारशे पट हे शुद्ध पाण्यातले. तो खोटं बोलला नाही, फक्त पाणी कुठलं ते सांगितलं नाही.

काळीकसदार (रविवार, रात्री १०:४०)

फूटपट्टी लावली. १२ ते १३ मिलिमीटर. हात जोडले!

एक विचारायचं राहिलं. पहिल्या तासाभरात खडे सुरकुतलेले दिसत होते, अगदी बेदाण्यासारखे. नंतर गुळगुळीत झाले. ते काय?

केमिकल लोच्या (रविवार, रात्री १०:५२)

बाहेरचा थर आधी फुगतो आणि गाभा अजून कोरडा असतो. बाहेरच्याला पसरायला जागा नाही, म्हणून तो दुमडतो. पाणी गाभ्यापर्यंत पोचलं की सुरकुत्या जातात. खडा दुप्पट मोठा असेल तर त्याला साधारण चौपट वेळ लागतो, म्हणून मोठे खडे घेतले असतील तर एका रात्रीत निकाल लावू नका.

अंबडचा फिटर (सोमवार, सकाळी ७:०५)

फर्स्ट शिफ्टला जाता जाता लिहितोय. आमच्याकडे फुगणं म्हणजे शिवी आहे. मागे एका पंपाला कुणीतरी ईपीडीएम नावाच्या रबराचे ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या गोल रिंगा) बसवले, आत खनिज तेल. आठ दिवसांत ओ-रिंग असे फुगले की ग्रूव्हमधून, म्हणजे त्यांच्या खाचेतून, बाहेर आले आणि शाफ्टनं त्यांचे तुकडे केले. लाइन बंद, बोलणी आम्हाला. ईपीडीएम पाण्याला, वाफेला, ब्रेक ऑइलला उत्तम, पण खनिज तेलात त्याची इडली होते. तेलाला नायट्राइल रबर. हे पाठ असतं आम्हाला, पण का ते कुणी सांगत नाही.

आणि लोच्याभाऊ, साखळी ताणली की मागे खेचते म्हणता, ती स्प्रिंगसारखी का? स्प्रिंग ताणली की आतले अणू लांब जातात हे माहिती आहे. रबर सहा-सात पट ताणलं तर अणू सहा पट लांब जातील का? तुटून नाही का जायचं?

निवृत्त मास्तर (सोमवार, दुपारी १२:२०)

फिटरसाहेब, प्रश्न पहिल्या नंबराचा. एक जाड रबर बँड घ्या. वरच्या ओठाला टेकवा आणि झटकन ताणा. कोमट लागेल. ताणलेला तसाच धरून अर्धा मिनिट थांबा, मग एकदम सोडून पुन्हा ओठाला लावा. गार लागेल. ओठ सांगतो मी, बोटांना तेवढं कळत नाही. हे १८०५ साली जॉन गॉफ यांनी लिहून ठेवलंय. ते अंध होते, म्हणून कदाचित त्यांच्या स्पर्शाला हे सुचलं असेल. पुढे ज्यूल यांनी १८५९ मध्ये नीट मोजमापं केली.

दुसरा प्रयोग: रबराच्या पट्टीला वजन टांगा, पट्टी ताणलेली असू द्या. आता केस वाळवायचं यंत्र तिच्यावर धरा. लोखंडी तार गरम केली की लांबते. रबराची ताणलेली पट्टी आखडते, वजन वर उचलते! मी तीस वर्षं हा प्रयोग वर्गात दाखवला, दर वर्षी निम्मा वर्ग आधी उलटं उत्तर द्यायचा.

याचा अर्थ असा की रबरातली ओढ अणू लांब गेल्याची नाही. संक्रांतीला येवल्याला गेला असाल तर आसारीवरून (मांजाच्या फिरकीवरून) सुटलेल्या मांजाचा गुंता पाहिला असेल. गच्चीत पडलेल्या त्या गुंत्याला वाकडंतिकडं पडायला हजार तऱ्हा आहेत, सरळ ताठ राहायला एकच. रबराची साखळीही तशीच. उष्णतेनं ती सतत वळवळत असते, आणि वळवळणाऱ्या गोष्टीला हजार तऱ्हांकडेच जायचं असतं. तुम्ही ताणलंत की तऱ्हा कमी होतात, सोडलंत की ती परत गुंत्यात जाते. हीच ओढ. अणू-अणूंमधलं अंतर जवळजवळ तेवढंच राहतं, नुसता गुंता उलगडतो, म्हणून सहा पट ताणूनही तुटत नाही. आणि तापवलं की वळवळ वाढते, म्हणून ओढही वाढते.

मात्र सुट्या मांजाचा गुंता ओढला तर धागे घसरून निघून येतात. मध्ये मध्ये गाठी बसलेल्या असतील तरच तो मागे खेचतो. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेनं जे साधलं ते म्हणजे या गाठी मारणं. त्याआधीचं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत ताठ.

उगाच (सोमवार, दुपारी १२:४५)

ऑफिसात ओठाला रबर बँड लावून बघितला. कोमट लागतो. शेजारची बाई माझ्याकडे बघतेय.

अंबडचा फिटर (सोमवार, दुपारी ४:३०)

सुट्टी झाली. मास्तर, पटलं, पण एक खटकतं. तापवलं की रबर ताठ होतं म्हणता. मग निफाडला पारा ५-६ अंशांवर गेला की फवारणीचा पाइप लाकडासारखा का होतो? तो तर थंडीत ताठ होतो, उलटं झालं ना?

केमिकल लोच्या (सोमवार, संध्याकाळी ६:१०)

मास्तरांच्या आधी मी उडी मारतो. तो पाइप बहुतेक पीव्हीसीचा, रबराचा नाहीच. पीव्हीसी मुळात कडक, त्यात तेलकट प्लास्टिसायझर घालून मऊ केलेलं. प्रत्येक पॉलिमरला (लांब साखळ्यांच्या पदार्थाला) एक तापमान असतं, त्याच्या खाली साखळ्यांची वळवळ गोठते आणि तो काचेसारखा होतो. नैसर्गिक रबराचं ते शून्याखाली ७० अंशांच्या आसपास आहे, निफाडची थंडी त्याच्या जवळपासही जात नाही. तुमच्या पाइपाचं बरंच वर असतं, म्हणून पहाटे गोठायला सुरुवात होते. वळवळ चालू असेल तेव्हाच मास्तरांचा नियम लागू.

आता गाठी आणि ताठपणा यांचा हिशेब, कारण काळीकसदारांच्या "उसळी मारणाऱ्या" खड्यांचं उत्तर त्यातच आहे. रबराचा शिअर मोड्यूलस, म्हणजे ताठपणाचं माप, काढायचा तर घनता गुणिले वायुस्थिरांक गुणिले केल्विन तापमान, भागिले दोन गाठींमधल्या साखळीचं रेणुभार. तो रेणुभार ५००० धरा, तापमान २७ अंश, उत्तर साधारण ०.४५ मेगापास्कल. पोलादाचा ८०,००० च्या आसपास असतो, म्हणजे फरक लाखांच्या पटीत. सूत्रात रबर कुठल्या रसायनाचं आहे याला जवळजवळ जागाच नाही, हे मला अजूनही जादूसारखं वाटतं. गाठी किती आणि तापमान किती, एवढंच.

म्हणून गाठी जास्त तर माल ताठ, आणि गाठी जास्त तर फुगणंही कमी. दोन्ही एकाच दोरीची टोकं आहेत.

अंबडचा फिटर (सोमवार, रात्री ८:००)

अरे हो! आमच्या शेजारच्या गाळ्यात रबर मोल्डिंग चालतं. क्युअर, म्हणजे गाठी बसणं, कमी झालाय की बरोबर, हे बघायला ते कधी कधी मालाचा तुकडा टोल्युईन या द्रावकात टाकून ठेवतात. दोन-तीन दिवसांनी काढून पुसून वजन. जास्त फुगला तर गाठी कमी बसल्यात. मी समजायचो टोल्युईन रबर "खातं", म्हणून तपासतात!

ओ-रिंगचंही आता लागलं डोक्यात. आम्ही ग्रूव्ह कधीच ठासून भरत नाही, पंधरा-वीस टक्के जागा सोडतो. फुगला तरी मावेल म्हणून.

केमिकल लोच्या (सोमवार, रात्री ८:२०)

बरोब्बर. वजनावरून फ्लोरी-रेनर समीकरणात घालून गाठींमधलं रेणुभार काढतात, जगभर. आणि ईपीडीएमचं कारण साधं: समान समानात मिसळतं. ईपीडीएमच्या साखळ्या हायड्रोकार्बनच्या, तेलही हायड्रोकार्बन, तेलाला आत यायला अडकाठी नाही. नायट्राइलमध्ये अ‍ॅक्रिलोनायट्राइलचे ध्रुवीय तुकडे घुसवलेले असतात, ते जितके जास्त तितकं तेल बाहेर. पण ब्रेक ऑइल नावालाच ऑइल, ते ग्लायकॉलच्या जातीचं, तिथे चित्र उलटं.

स्कूटरवाला (सोमवार, रात्री ८:५०)

मग ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनं माझ्या जुन्या गाडीची नळी फुगली ती यातच बसते का? पेट्रोलला टिकणारी होती म्हणे.

केमिकल लोच्या (सोमवार, रात्री ९:००)

बसते. नायट्राइल नुसत्या पेट्रोलमध्ये थोडं फुगतं, नुसत्या इथेनॉलमध्येही थोडं, पण दोघांच्या मिश्रणात त्याहून जास्त, कारण मिश्रण त्याच्या स्वभावाच्या जास्त जवळ येतं. पुढे यावर वेगळा धागा काढा, इथे गाडी शेतातून रस्त्यावर जाईल.

काळीकसदार (मंगळवार, रात्री ९:२५)

मंडळी, मी गप्प नव्हतो, प्रयोग चालू होते. लोच्याभाऊंनी क्षारांचं सांगितलं म्हणून म्हटलं खात्री करू. दोन-दोन ग्रॅम खडे, पुन्हा एक-एक लिटर आरओचं पाणी. पहिल्यात एक ग्रॅम मीठ. दुसऱ्यात दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, ठिबकमधून सोडतो ते.

मीठ: १६० ग्रॅम.
कॅल्शियम नायट्रेट: ४० ग्रॅम!!

दुसऱ्यातले खडे पांढरट पडले, पाण्याचे वाटतच नाहीत. चामट, खोडरबरासारखे. मग दोन्ही निथळून ताज्या आरओत टाकले, दिवसभरात तीनदा पाणी बदललं. मिठातले पुन्हा फुगून ४५० च्या पुढे गेले. कॅल्शियमवाले ४० चे ६० सुद्धा झाले नाहीत.

लोच्याभाऊ, तुम्ही म्हणालात बाहेर आयन आहेत म्हणून पाण्याचा जोर घटतो. मग बाहेरचे आयन धुऊन काढल्यावर दोन्ही फुगायला हवे होते. एकच का फुगला?

केमिकल लोच्या (मंगळवार, रात्री ९:५०)

दोन मिनिटं द्या. तुम्ही मला पकडलंत बहुतेक.

सुगरण नाशिकची (मंगळवार, रात्री १०:०५)

मला रसायन कळत नाही, पण खोडरबर म्हणालात आणि एकदम आठवलं. कोहळ्याचा पेठा करताना आम्ही फोडी आधी चुन्याच्या निवळीत भिजवून ठेवतो. मग पाकात कितीही उकळा, फोड मोडत नाही, बाहेरून कडक राहते. निवळीतून काढून चार पाण्यांनी धुतली तरी कडकपणा जात नाही. चुना म्हणजे कॅल्शियमच ना? माझी आजी म्हणायची, निवळी फोडीला "बांधते".

केमिकल लोच्या (मंगळवार, रात्री १०:३०)

ताई, आजींना माझा दंडवत. तंतोतंत हेच.

कोहळ्याच्या पेशींच्या भिंतीत पेक्टिन असतं. पेक्टिनवर तेच ऋण भाराचे कार्बोक्सिलेट गट, जे काळीकसदारांच्या खड्यांत आहेत. सोडियम आणि पोटॅशियमला एक हात, कॅल्शियमला दोन. तो एका हातानं एक साखळी धरतो आणि दुसऱ्यानं शेजारची. झाली नवी गाठ! म्हणून कॅल्शियम नुसता बाहेरची गर्दी वाढवत नाही, जाळ्यात जास्तीच्या गाठी मारतो. गाठी वाढल्या की फुगणं कमी आणि ताठपणा जास्त, जे फिटरभाऊंना टोल्युईनमध्ये दिसतं तेच. शिवाय साखळीवरचा भार झाकला जातो आणि पाणी ओढणारे सुटे आयनही उरत नाहीत. तिन्ही बाजूंनी मार.

माझं पहिलं उत्तर मिठासाठी बरोबर होतं, तुमच्या विहिरीसाठी अर्धवट. टीडीएस मीटर सगळे क्षार एका तराजूत मोजतो. तुम्हाला विचारायला हवा होता तो पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात कॅल्शियमसारखे दोन हातांचे आयन किती. चूक कबूल.

काळीकसदार (मंगळवार, रात्री १०:५०)

हे मोठ्यानं वाचून दाखवलं तर आमच्या घरातून हसण्याचा आवाज आला. "या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, पंचवीस वर्षं मी सांगतेय. डाळीसाठी आरओचं पाणी घेते तेव्हा तुम्हीच म्हणता, लाड कशाला. आता खड्यांसाठी चार रात्री जागलात."

मास्तर, डाळीचंही हेच का?

निवृत्त मास्तर (बुधवार, सकाळी ६:४०)

हेच. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेक्टिनला बांधून टाकतं, दाणा मऊ पडत नाही. चिमूटभर खायचा सोडा टाकला की शिजते, हे वहिनींना माहीत असेलच.

आता कटू हिशेब मांडतो, रागावू नका. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४००० लिटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर उडतं असं धरा, वीस हजार लिटर झाले. तुमचं एक किलो जेल एकरभर पसरलं आणि ते ८५ पट फुगलं, तर पाणी धरणार ८५ लिटर. अगदी ३५० पट फुगलं तरी ३५० लिटर. एकराच्या तहानेपुढे हे आचमन झालं.

काळीकसदार (बुधवार, सकाळी ७:१५)

मास्तर, सकाळी सकाळी चहा कडू केलात. पण मी एकरभर पसरणार नव्हतो, खुंटाच्या खड्ड्यात टाकणार होतो. एकरी हजाराच्या आसपास खुंट, प्रत्येकी पाच ग्रॅम. ८५ पट धरलं तर खड्ड्यात ४२५ मिली. कोवळ्या मुळीला दोन पाळ्यांच्या मधे तेवढं तरी पुष्कळ, नाही का?

केमिकल लोच्या (बुधवार, सकाळी ९:३०)

रोपापुरता विचार बरोबर आहे, फायदा असला तर तिथेच. पण त्या ४२५ मधून अजून दोन वजाबाक्या करा.

एक, माती. पातेल्यात खड्याला मोकळं रान होतं. खड्ड्यात त्याच्यावर मातीचा भार आहे आणि चहूबाजूंनी कोंडमारा. जाळ्याची ओढ अधिक मातीचा दाब, दोघांविरुद्ध पाण्याला ढकलायचंय. फिटरभाऊंच्या ग्रूव्हमधल्या ओ-रिंगसारखं. तुमची काळी माती तर स्वतःच फुगते, तिचा दाब आणखी.

दोन, आणि ही जास्त महत्त्वाची. पातेल्यात एक लिटर पाण्यात जेवढं कॅल्शियम होतं तेवढ्यावर भागलं. शेतात प्रत्येक पाळीला ठिबक नवं कॅल्शियम घेऊन येतं. खडा पाणी सोडतो, मुळी ते पिते, कॅल्शियम मात्र गाठी मारून तिथेच बसतं. पुढच्या पाळीला पुन्हा थोडं. हंगाम संपेपर्यंत तुमचे ८५ पट कुठे येतील हे तुम्ही कॅल्शियम नायट्रेटच्या पातेल्यात पाहिलंच आहे. त्यात वरून तेच खत ठिबकनं सोडणार असाल तर विचारूच नका.

मातीचं_काय (बुधवार, सकाळी ११:००)

सगळे फुगण्यावर बोलताय. हे पॉलिअ‍ॅक्रिलेट मातीत सहज कुजत नाही, त्याचं कुणी बोलणार का? आपल्याकडे पुसाच्या कृषी संशोधन संस्थेनं सेल्युलोजवर आधारलेलं हायड्रोजेल केलंय, शुद्ध पाण्यात किमान ३५० पट, मात्रा हेक्टरी अडीच ते पाच किलो. घ्यायचंच तर ते तरी बघा.

केमिकल लोच्या (बुधवार, सकाळी ११:२०)

मुद्दा मान्य. पण सांगाडा सेल्युलोजचा असला तरी पाणी ओढायचं काम भारित गटच करतात, त्यामुळे जड पाण्याची परीक्षा त्यालाही द्यावी लागेल. तेच पातेलं, तोच काटा.

सुगरण नाशिकची (बुधवार, दुपारी २:१०)

घरात लहान मुलं असतील तर ते फुगलेले खडे उघड्यावर ठेवू नका हो. रंगीत मणी म्हणून मिळतात तेही हेच. मुलानं गिळला तर पोटात जाऊन फुगतो, आतड्यात अडकतो. जेलीसारखे दिसतात म्हणून मुलं तोंडात घालतात.

आणि मला एक सांगा, डिंक पाण्यात विरघळतो आणि कतीरा नुसता फुगून बसतो. त्यातही गाठींचंच काही आहे का?

निवृत्त मास्तर (बुधवार, दुपारी ३:००)

ताई, तुम्ही मागच्या जन्मी प्रयोगशाळेत होतात. बाभळीच्या डिंकाचे रेणू सुटे सुटे, म्हणून पाण्यात पांगतात. कतीऱ्याचा मोठा भाग पाण्यात सुटा होऊ शकत नाही, तो पाणी पिऊन फुगतो आणि तसाच राहतो. सगळ्याच गाठी कारखान्यातल्यासारख्या पक्क्या रासायनिक नसतात. चायना ग्रासची जेली घ्या, साखळ्या एकमेकींभोवती पिळा घालून धरून असतात, उकळलं की सुटतात, गार झालं की पुन्हा धरतात. रबराला असं वितळवून परत नाही ओतता येत, म्हणून तर जुन्या टायरांचे डोंगर झालेत.

अंबडचा फिटर (बुधवार, दुपारी ४:४५)

काळीकसदार, मग ठरलं काय? एवढं वाचलंय तर शेवट सांगा.

काळीकसदार (गुरुवार, रात्री ९:००)

ठरलं ते असं. दहा किलोची ऑर्डर रद्द केली. आणलेलं एक किलो आहे, ते दोनशे खुंटांना, खुंटाला पाच ग्रॅम. खडे कोरडे टाकायचे नाहीत, आरओच्या पाण्यात आधी फुगवून मुळीभोवती मातीत कालवायचे. पहिले दीड-दोन महिने त्या ओळींना कॅल्शियम नायट्रेट बंद, द्यायचं झालं तर लांबून. शेजारच्या दोनशे खुंटांना जेल नाही, पाणी तेवढंच. मे अखेरीस किती जगले ते मोजणार. आणि खड्ड्यांवर जाड पाचट, कारण मास्तरांचा वीस हजार लिटरचा आकडा काही डोक्यातून जात नाही. उडणारं पाणी थांबवलं तर ते जेलपेक्षा स्वस्त पडेल.

राहिले ते कॅल्शियमनं चामट झालेले खडे. बायकोच्या डाळीवरून डोक्यात आलं की सोडा डाळ सोडवतो तर खडेही सोडवेल का? कॅल्शियम ओढून घेईल का?

केमिकल लोच्या (गुरुवार, रात्री ९:१५)

तत्त्व बरोबर आहे, सोड्यातलं बायकार्बोनेट कॅल्शियमला चुनखडी करून खाली बसवेल, आणि सोडियम त्याची जागा घेईल. किती सुटतं ते करूनच बघा. पण हे पातेल्यातच हं, शेतात सोडा टाकू नका. काळ्या जमिनीत सोडियम वाढलं तर ती चोपण होते, मग खुंट राहू द्या, गवत उगवायची मारामार.

काळीकसदार (गुरुवार, रात्री ९:४०)

शेतात नाही हो, काचेच्या बरणीत. चमचाभर सोडा घातलाय, खडे टाकलेत, बरणी ओट्यावर ठेवलीय. झाकणावर चिठ्ठी चिकटवलीय, "खायचं नाही". खाली बायकोनं लिहिलंय, "सोड्याचा डबा जागेवर ठेवणे".